वाल्मिकच्या भट्टीची राख

१२ नोव्हेंबर २०२४
आणखी एक कोंबडी गेली! आठवड्यातली तिसरी. पंख गळलेले, हिरवट शिटत होती, उभंच राहवेना. आमचे हे, आमोस, म्हणाले, "मानमोडीचा रोग असंल, दुसरं काय." असेल कशी? लस मी स्वतः दिली आहे. माझ्या कोंबड्यांबद्दल बोलायची यांना भारी हौस!

१४ नोव्हेंबर
एंजेलाला आठवा महिना लागला. महिन्यापूर्वी चार वर्षांच्या मोनिकाला घेऊन बाळंतपणाला आली, तेव्हापासून मी तिला रोज दोन गावरान अंडी उकडून देते. लेक किती वाळली आहे! ताटली रिकामी परत आली की बरं वाटतं.

१८ नोव्हेंबर
मेलेली कोंबडी पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी फाडून बघितली, नमुना पुण्याला पाठवला. मग विचारलं, "बाई, शेजारी बॅटऱ्यांचं काम चालतं का?"
चालतं. वाल्मिक जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतो. पण कोंबड्या कुंपणापलीकडे जात नाहीत, म्हटलं.

१९ नोव्हेंबर
राख!

२० नोव्हेंबर
गॅस आल्यापासून घरात चूल नाही, राख नाही. उन्हाळ्यात कोंबड्यांना उवा झाल्या, राखेत लोळल्या की त्या मरतात म्हणून घमेलं घेऊन मीच वाल्मिकच्या भट्टीवर गेले होते. "घेऊन जा मावशी, लई बारीक हाय," म्हणाला. तीन घमेली खुराड्यापुढच्या खड्ड्यात ओतली. काय लोळायच्या त्यात! मी कौतुकानं बघत बसायचे.
आज त्याच्यावर ओरडून आले. बिचारा हात जोडून उभा होता. खरं तर चूक माझी.
अंडी आजपासून बंद. एंजेलाला कारण सांगितलं नाही. हिंमतच झाली नाही.

२ डिसेंबर
पुण्याचा अहवाल आला. शिसंच. डॉक्टर म्हणाले, "अंड्यातसुद्धा उतरतं. गरोदर बाईला आणि लहान मुलांना—" पुढचं कानात शिरलंच नाही. महिनाभर, रोज दोन, माझ्या हातानं!
एंजेलाला सगळं सांगितलं. पांढरी पडली, मोनिकाला जवळ ओढून बसली. नगरला नेऊन तिचं रक्त तपासायला दिलं.

३ डिसेंबर
प्रार्थनेला बसले. शब्द सुचेनात.

६ डिसेंबर
एंजेलाचा रिपोर्ट चांगला! शिसं नाहीच म्हटलं तरी चालेल! देवा, तुझे उपकार. आमोस अंगणात जाऊन रडले. मी तिला घट्ट धरलं. ती मात्र हसली नाही.

७ डिसेंबर
सकाळी सांगितलं तिनं. "आई, वासानंच मळमळायचं गं. तुला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई. दोन्ही अंडी मोनिकाला भरवत हुते."
मोनिकाला घेऊन नगरला निघतोय.