घुमीचा फोन

प्रिय घुमे,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठणठणीत आहे, फक्त माझी खालची दाढ आता आपल्यात नाही. मंगळवारी सकाळी ती काढली आणि डॉक्टरीणबाईंनी गालात कापसाचा बोळा कोंबून बजावलं, की तासभर तोंड उघडायचं नाही. तुझी आई शेजारीच होती. म्हणाली, "तासभरच? आठवडाभर म्हणा की हो, बाई."

तसाच फुगलेल्या गालाने मी आपल्या मोटर दुरुस्तीच्या कारखान्यात गेलो. तिथली एक बातमी तुझ्यापासून लपवून ठेवली होती. शेजारच्या पंखेवाल्या काकांचा गाळा मी घेतला. काका थकले आणि मुलाकडे राहायला गेले. मधली भिंत पाडली, पण बाहेर पाटी अजून त्यांचीच आहे आणि फोनही त्यांचाच. सुट्टीत तू आलीस की हात धरून नेणार होतो. खिडकीपाशी तुझ्यासाठी टेबल मांडलंय, उजेड डावीकडून येईल असं. काकांचा फोनही त्याच टेबलावर आहे आणि पुढचं सगळं तिथूनच घडलं, म्हणून आधी सांगून ठेवलं.

तुला घुमी हे नाव मीच दिलं. शाळेत हजेरी घेताना तू "हजर" म्हणायची नाहीस, नुसता हात वर. बाईंनी पाहिलं नाही की गैरहजेरी लागायची, आणि तू तेही घरी सांगायची नाहीस. कॉलेजात गेल्यावर पहिले काही आठवडे फोनवर तेच. जेवलीस का? हं. वर्ग कसे आहेत? बरे. मी तुझ्या आईला म्हणायचो, मोटर फिरतेय गं, पण लोड घेत नाही, ओझं म्हणून ओढत नाही. मग खोलीतल्या मैत्रिणीने तुला ओढत त्या करिअर कक्षात नेलं. काम काय, तर खुर्च्या मांडायच्या आणि दारोदारी बाण चिकटवायचे. एक बाण तू उलटा चिकटवलास आणि मुलाखती घ्यायला आलेले साहेब लोक टाय सावरत थेट व्यायामशाळेत शिरले. हे सांगताना तू इतकी हसलीस, की मी फोन कानापासून लांब धरला. तुझं एवढं मोठं वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हापासून मी कान लावून होतो. बेअरिंगवर पेचकस टेकवून मूठ कानाला लावली, की आत काय चाललंय ते कळतं. तुझ्या बाबतीत मी तेवढंच केलं. मुलाखतीच्या दाराबाहेर धास्तावून बसलेल्या मोठ्या मुलांना तू खोटी साहेबीण बनून प्रश्न विचारायला लागलीस, त्या आठवड्यात कक्षाबद्दल बोलताना तुझं "ते लोक" गेलं आणि "आम्ही" आलं. कक्षातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रमुख झालीस तेव्हा सांगितलंस अगदी हळू, पण वाक्य शेवटपर्यंत नेलंस. आधी तुझी वाक्यं अर्ध्यातच खाली बसायची.

तर मंगळवारी काकांचा फोन वाजला. ग्राइंडर चालू, गालात बोळा. उचलला, तर पलीकडून काकांचं नाव घेऊन, "नमस्कार साहेब, आपला थोडा वेळ घेऊ का?" घरी मला अरे-तुरे करणारी माझी मुलगी मला आपण म्हणत होती! तुझ्या यादीत नुसतं नाव आणि नंबर असणार, आणि पंखेवाल्या काकांचं खरं नाव तुला कुठे ठाऊक! मी "बाबा बोलतोय" असं सांगणारच होतो, पण बोळ्यातून नुसतं "बोवा" एवढंच बाहेर पडलं, आणि तू त्याला "बोला" समजून बोलायलाच लागलीस. मोठ्या कंपन्या पहिल्या वर्षाच्या मुलांना दारातही उभं करत नाहीत, म्हणून तुम्ही छोट्या कारखान्यांचा मेळावा भरवताय. सुट्टीत मुलांनी हात काळे करावेत, काम बघावं. शनिवारपर्यंत आणखी एक कारखाना मिळाला नाही, तर कक्षाचे सर मेळावा रद्द करणार आहेत. हे तू आम्हाला घरी सांगितलं नव्हतंस, घुमे.

मग मला चेव आला. म्हटलं, बघू तरी पोरगी लोड घेते का. जमेल तेवढं तोंड वाकडं करून विचारलं, "तुमच्या पोरांना येतं काय?" तू म्हणालीस, "काहीच नाही साहेब. येत असतं तर आपल्याला त्रास कशाला दिला असता?" बोळा गिळता गिळता वाचलो. मग मी वर्मावर बोट ठेवलं. "तुमचे वडील काय करतात?" म्हणालीस, विजेच्या मोटरी दुरुस्त करायचा कारखाना आहे. "मग त्यांनाच बोलवा की!" नीट ऐकू यावं म्हणून मी कामावरच्या पोराला ग्राइंडर बंद करायची खूण केली. तू म्हणालीस, "बाबा एका हाकेत येईल, साहेब. पण तो माझ्यासाठी येईल. मला मुलांसाठी येणारा माणूस हवाय."

"विचार करून कळवतो," एवढं कसंबसं म्हणालो. तू आभार मानलेस, आणि फोन नीट ठेवायच्या आधी मैत्रिणीला म्हणालीस, "म्हातारा खडूस आहे गं. पण ऐकून घेतो." माझे कान तुला माहीतच आहेत.

तुझी आई तेव्हापासून मागे लागलीय, "तू सांगतोस की मी सांगू?" फोनवर मला हसू आवरणार नाही, म्हणून उद्या ती तुझ्याकडे येतेय, तिच्याच हाती ही चिठ्ठी पाठवतोय. शनिवारच्या आत पोचेल. खडूस म्हाताऱ्याने विचार केला: कारखाना येतोय. बाबा म्हणून नाही, तू म्हणालीस तसाच, मुलांसाठी. दोन मुलं घेईन, आणि ती तुझ्या ओळखीची नकोत. खिडकीजवळचं टेबल आधी त्यांना मिळेल. तुला ते कधी हवंसं वाटलं तर रांगेत ये, नाही वाटलं तर दुसरीकडे कुठेही तुझ्या मनाजोगतं टेबल बघ. डावीकडून उजेड येतो ना, एवढं तपासून घे. दारावरचा बाण सरळ चिकटवून मला आत घे, फक्त व्यायामशाळेत पाठवू नकोस. आणि घुमी हे नाव मी बदलत नाहीये. इतकी वर्षं त्याचा अर्थ मी न बोलणारी असा धरला. आवाजही घुमतो, हे मंगळवारी कळलं. ग्राइंडर बंद झाल्यावर सगळ्या गाळ्यात तुझाच घुमत होता.

तुझाच,
ऐकून घेणारा खडूस म्हातारा