धाकट्याला काहीच का ठेवले नाही

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त सरकारी वकील, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यासाठी मला त्यांचा भाडेकरार फुकट तपासून द्यावा लागला.

१. काळा कोट माझ्या हाताखालच्या वकिलाला द्यावा. कोटाची कोपरे टेबलावर डुलक्या काढून झिजली आहेत, अभ्यासाने नव्हे. हे त्याला ठाऊक आहे, त्याने गप्प राहावे.

२. निरोपाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी दिलेले घड्याळ त्यांनाच परत करावे. ते पहिल्या दिवसापासून बंद आहे.

३. राहते घर व ठेवी पुतणीला. अट एकच: भाडेकरू म्हणून वकील ठेवू नये.

४. पुतणीचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, धंद्याने सुतार. त्याला मी काहीही ठेवत नाही.

बावीस वर्षांपूर्वी रस्तारुंदीत त्याचा कारखाना अर्धा कापायचे ठरले. हरकत घेण्याची मुदत शनिवारपर्यंत होती. शनिवारी जेवताना मीच त्याला म्हटले, "आज कचेरी बंद आहे, दारावरच्या पेटीत टाक. चालतं." त्याने टाकली. पेटी सोमवारी उघडली, शिक्का सोमवारचा पडला. तो न्यायालयात गेला, आणि मी सरकारतर्फे उभी राहून, चेहऱ्यावरची माशी हलू न देता सांगितले की हरकत दोन दिवस उशिरा आली. खटला जिंकले. कारखाना अर्धा गेला, भाऊ सगळाच गेला. तेव्हापासून मी त्याच्या लेखी फक्त 'सरकार' आहे.

५. निवृत्तीनंतर दोन वर्षे मी परदेशात बिनपगारी सेवा केली. लोक म्हणाले, केवढे पुण्य. कसले पुण्य, घरात करमत नव्हते. सरकारी नोटिशीला उत्तर कसे द्यावे हे तिथल्या गावकऱ्यांना शिकवायचे होते. चोराने कुलपे विकावीत तसे. पहिल्याच दिवशी मी ठणकावले, "कागद पेटीत टाकू नका. हातात द्या, पोच घ्या."

मागच्या बाकावरच्या भाजीवालीने दुभाष्यामार्फत विचारले, "पेटीत वेळेवर टाकला, तरी उशीर झाला असं कोण म्हणेल?"

"मी," मी म्हटले. सगळे हसले. मला रडू आले.

६. म्हणून लिहून देते: हरकत मुदतीत होती. मला माहीत होते. मी न्यायालयात खोटे बोलले आणि मला त्याची लाज वाटते.

७. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि मी सही करताना ते समोर हवेत. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून धाकट्याला वगळले. दुसरा साक्षीदार तोच. वरचे सगळे वाचून तो समोर बसल्याशिवाय मी सही करणार नाही. तो आला नाही, तर हा कागद रद्दी. मग एकुलता वारस म्हणून सगळे त्याच्याच गळ्यात पडेल. सरकारकडून फुकटचे घ्यायला तो मेला तरी तयार होणार नाही, या भरवशावर मी बसले आहे.

स्थळ: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: १४ मार्च, सकाळी साडेदहा

सही: निवृत्त सरकारी वकील

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. सगळं वाचलं. सही माझ्यासमोर झाली. टेबल डुगडुगतं, त्यामुळे अक्षर वाकडं आलंय. रविवारी हत्यारं घेऊन येतो.