मामांच्या जीपखालची निनावी पेटी

मांजरी, पुणे
शनिवार, संध्याकाळ

तीर्थरूप कचरूमामा आणि इंदुमामी यांना आम्रपालीचा सविनय जय भीम.

आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. जीपमध्ये चढताना संजयची कंबर धरायची ती आता फक्त उतरताना धरते, म्हणजे सुधारणा आहे. तुमच्या नातीची परीक्षा संपली आणि आता तनुजा झोपते. तुमची तब्येत कशी आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? तुमच्या डोळ्यांबद्दल मी काही विचारणार नाही. मागच्या वेळी तुम्ही बजावलं होतंत की हा विषय पुन्हा काढलास तर फोन ठेवीन, मी काढला, आणि तुम्ही ठेवलात. म्हणून यावेळी पत्र. पत्र मामीच वाचून दाखवतील, कारण तुमचा चष्मा सापडत नसणार. (इंदुमामी, कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी आहे. तो मोठ्याने वाचायचा नाही. मधेच शांतता पडली असं मामांना वाटलं तर थोडं खोका.)

(आता मुद्द्याचं. मोतीबिंदू पिकलाय असं डॉक्टरांनी सांगून दोन उन्हाळे गेले. पुण्याला या, ऑपरेशन करून टाकू म्हटलं की मामांना एकदा कुणाचं तरी लग्न आठवतं आणि एकदा हरभरा. ते घाबरतात, एवढंच आहे, आणि कबूल करायचे नाहीत. जीप त्यांनी मला "पोरीला हौस आहे" म्हणून दिली नाही, समोरची म्हैस दिसली नाही म्हणून दिली, हे किनवटात सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यांना इथे आणायचंय. बाकी सगळं पत्र त्यासाठीच आहे, पण खोटं काही नाही. खोका.)

तर मामा, तुमच्या जीपचं वर्तमान. तुम्ही पाटबंधारे खात्यात असताना नाल्याचं पाणी सीटवर येतं म्हणून ती चाकांवर उंच उचलून घेतलीत, ते ठीकच केलंत. पण मांजरीला नाला आमच्या सोसायटीतून जात नाही. ती इथल्या पार्किंगच्या छताखाली मावत नाही. मी प्लास्टिकच्या स्टुलावर उभी राहून चढते आणि स्टूल दोरीने वर ओढून घेते. सिग्नलला थांबले की पीएमटीच्या बसच्या खिडकीतली माणसं आणि मी समोरासमोर येतो. एका बाईंनी मला खिडकीतून लाडूसुद्धा दिला. गाडी मला जिवापाड आवडते, हे आधीच सांगून टाकते.

पण ती गळते. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये तिच्याखाली काळ्या तेलाचं थारोळं साचायला लागलं. आमच्या सेक्रेटरी दीपमालाताई फार बोलत नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं, "पाहुण्यांची जागा पाहुण्यांसाठी असते, आणि पाहुणे जातात." महिनाअखेरीपर्यंत गळती थांबवा, नाहीतर गाडी बाहेर रस्त्यावर लावा, असा त्याचा अर्थ. मी खाली वाकले (उचललेल्या गाडीचा एक फायदा, पार वाकावं लागत नाही) आणि पाहिलं तर तेल गिअरबॉक्समधून येत नव्हतं. त्याच्या मागे जी दुसरी लोखंडी पेटी आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी, जिला सगळे ट्रान्सफर केस म्हणतात, तिच्या सीलमधून येत होतं. सील म्हणजे रबराची एक कडी. मला वाटलं, कडी आणू, बसवू, विषय संपला. (मामी, वरचा फायद्याचा कंस मोठ्याने वाचला असता तरी चाललं असतं. सवयीने पडला.)

सीलसाठी मी नारायण पेठेत गेले. तिथे जोगळेकर म्हणून गृहस्थांचं बेअरिंगचं आणि सीलचं दुकान आहे. मी विचारलं, जीपच्या ट्रान्सफर केसचं सील आहे का? ते म्हणाले, "कुठल्या?" मी म्हटलं, तेच माहीत नाही, फोटो आणलाय. त्यांनी फोन हातात घेतला, पाहिला, आणि परत दिला. म्हणाले, "हे कढईचं बूड आहे." मी म्हटलं, अहो, निदान अंदाजे नाव सांगा. "नाव कशाला? बारसं करायचंय का? माप आणा." आता माप आणायचं तर जुनं सील काढावं लागणार, ते काढलं की सगळं तेल सांडणार, गाडी जागची हलणार नाही, आणि तिकडे दीपमालाताई. गाडीच घेऊन येऊ का, असं विचारलं. त्यांनी दुकानाबाहेरच्या गल्लीकडे पाहिलं, लोंबणाऱ्या वायरींकडे पाहिलं, आणि माझ्याकडे न पाहता पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

मामा, तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. जन्म लेखापरीक्षणात गेला. वस्तू समोर आहे आणि ती काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही, हे मला सहन होत नाही. सील राहिलं बाजूला, मला पेटी कुठली याचीच ओढ लागली. ऑफिसात बसलं की ती डोळ्यांपुढे यायची. भाजी चिरताना यायची. संजय म्हणाला, लग्नाआधी तू माझी एवढी चौकशी केली नव्हतीस. मी म्हटलं, तू गळत नव्हतास.

कात्रजला तेजस नावाचा एक मुलगा अशा उंच गाड्यांचं गॅरेज चालवतो, तिथे गेले. तो गाडीखाली गेला, पान्याने पेटीवर दोनदा टकटक केली, कान लावला आणि बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, हंड्रेड परसेंट जपानी." मी विचारलं, पुरावा? म्हणाला, "फिनिशिंग बघा ना." मी पुन्हा वाकून फिनिशिंग पाहिलं. त्यावर मला फक्त चिखल दिसला, आणि तो किनवटचा होता. पुढच्या खेपेला तो म्हणाला, "मॅडम, आता मला रशियन वाटतेय." पुरावा? "फील." माणूस प्रामाणिक आहे, मला आवडला, पण मत बदलायचं तर मधे काहीतरी घडावं लागतं, आणि मधे फक्त गुरुवार गेला होता.

मग तनुजाने फोटो इंटरनेटवरच्या जीपवाल्यांच्या एका ग्रुपवर टाकला. उत्तरांचा पाऊस पडला. एकाने ती ट्रॅक्टरची सांगितली, एकाने जुन्या मालट्रकची, केरळातल्या एकाने ती त्याच्या काकांची चोरीला गेलेली पेटी असल्याचं सांगितलं (मामी, मी काळजीपूर्वक चौकशी केली, नाहीये), आणि बाकीच्यांनी गाडी विकायची आहे का असं विचारलं. एकाच शहाण्याने कामाचा प्रश्न विचारला: पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा पेटीच्या डाव्या बाजूने निघतो की उजव्या? यावरून अर्ध्या पेट्या बाद होतात म्हणे. तनुजा म्हणाली डाव्या. मी म्हटलं उजव्या. ती गाडीच्या पुढून वाकली होती आणि मी मागून. पण हे लक्षात येईपर्यंत आम्ही संध्याकाळभर एकमेकींशी बोलत नव्हतो.

त्यानंतर तेजसने फोनवर एक खात्रीची परीक्षा सांगितली. मागचं चाक जॅकवर उचलायचं, पेटीचा खालचा गिअर टाकायचा, पुढून हँडल मारून इंजिन हाताने फिरवायचं, आणि इंजिनाच्या किती फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते ते मोजायचं. प्रत्येक पेटीचा हा आकडा ठरलेला असतो. रविवारी सकाळी आम्ही बसलो. संजय हँडलवर, तनुजा चाकावर खडूची खूण करून तिच्यासमोर, मी कागद घेऊन मधे. मग वरच्या गॅलऱ्यांतून माणसं जमली आणि त्यांनीही मोजायला सुरुवात केली, मोठ्याने, प्रत्येकाने आपापल्या जागेपासून. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आमच्यापेक्षा पुढे गेले. दीपमालाताई काहीतरी सुनवायला खाली आल्या होत्या, त्याही मोजायला लागल्या. आकडा आला, तनुजाने हिशेब केला आणि म्हणाली, "आई, या हिशेबाने खालचा गिअर टाकला काय आणि न टाकला काय, सारखंच आहे. ही पेटी काहीच करत नाही." संजय तेव्हा हँडलला टेकून बसला होता. त्याने काही ऐकलं नाही असं दाखवलं. नंतर तेजस म्हणाला, "मॅडम, दोन्ही चाकं उचलायची ना! एकच उचललं तर ते दुप्पट फिरतं." मी म्हटलं, तुम्ही चाक म्हणालात, चाकं नाही. म्हणाला, ते अंडरस्टुड होतं. गॅलऱ्यांत पुन्हा माणसं जमवायचा धीर मला झाला नाही.

त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता, आठवतं? पेटी कुठली म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, "मिलिटरीची हाय, पोरी." ते तर तुम्ही प्रत्येक लग्नात सांगत आलात. मी म्हटलं, मिलिटरीची म्हणजे नेमकी कुठली? लिलावात घेताना कुणी सांगितलं होतं का? तुम्ही म्हणालात, "हात लावल्याबिगर सांगता येत न्हाई. फोनवर काय हात लागतो व्हय?" (मामी, हे ऐकलं आणि मला या पत्राची कल्पना सुचली.)

आता शेवट ऐका. काल मी एकटीच जीपमध्ये बसले होते. पायाखालचं रबरी मॅट उचललं तर खाली पत्र्याचं झाकण दिसलं, स्क्रूंनी बसवलेलं. इतके दिवस आम्ही सगळे गाडी उंच म्हणून खालून बघत होतो, वरून बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. स्क्रू काढले. खाली पेटीची पाठ, वाळलेल्या चिखलाने लिंपलेली. जुना टूथब्रश आणि रॉकेल घेऊन घासत बसले, आणि हळूहळू अक्षरं वर आली. आधी एक आकडा, मग दुसरा, मग ओतीव नाव. मामा, प्रमोशनच्या दिवशीही मला एवढा आनंद झाला नव्हता. मी पाय खाली सोडून बसले आणि ते नाव पुन्हा पुन्हा वाचलं. आज सकाळी जोगळेकरांकडे गेले, नाव सांगितलं, त्यांनी मागे न बघता हात मागे केला आणि सील काढून दिलं. म्हणाले, "आधीच का नाही सांगितलंत?" तेजसने ते दुपारी येऊन बसवलं, गळती थांबली, दीपमालाताईंनी खाली येऊन कोरडी फरशी पाहिली, ती चपलेने एकदा घासली आणि त्या वर गेल्या.

नाव या पत्रात लिहीत नाही. जपानी का, रशियन का, मिलिटरीची का, काहीच लिहीत नाही. मामींना गुडघे सांभाळून राहायला सांगा, उन्हात जाऊ नका, हरभरा निघाला का ते कळवा.

तुमची भाची,
आम्रपाली

ता. क. मामा, एक पैज. पुण्याला या आणि पेटीला हात लावून तिचं नाव सांगा. बरोबर आलं तर जीप चावीसकट परत तुमची. चुकलात तर मी नेईन तिथे मुकाट यायचं. तुम्ही आजवर पैजेला नाही म्हणाला नाहीत.

ता. क. २. (मामी, चुकले तर मी नेईन तिथे म्हणजे डोळ्यांच्या दवाखान्यात, वेळ घेऊन ठेवली आहे. बरोबर आले तर जीप त्यांची, पण ती किनवटपर्यंत चालवणार कशी? तेव्हाही आधी दवाखानाच. नांदेडहून गाडीची दोन तिकिटं काढली आहेत, दोन्ही खालच्या बर्थची. त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीचे जुने कागद तुमच्या पिशवीत तळाशी टाका.)

ता. क. ३. मामा, मामींनी सगळे कंस मोठ्याने वाचले आहेत, मला माहीत आहे. त्यांच्या तोंडून काही गाळलं गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. माझ्या लग्नाची गुप्त बोलणीसुद्धा मला त्यांच्याकडूनच कळली होती. तेव्हा आता उघडच लिहिते. तुम्ही घाबरता, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मीही तुमच्यासाठी घाबरते. पण इथे येऊन घाबरा, मी शेजारी बसते. जीप सोडताना माझ्या जिवावर येणार आहे, तरी नाव तुम्ही बरोबरच सांगावं असं मला मनापासून वाटतं. तुम्ही जिंकलात की हरलात ते मात्र मी सांगणार नाही, संजय आणि तनुजालाही सांगू देणार नाही. पत्र्याचं झाकण मी अजून परत बसवलेलं नाही. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, की स्टुलावरून वर चढा आणि स्वतः वाचा. अक्षरं बारीक आहेत, पण मी ती स्वच्छ घासून ठेवली आहेत.