भिंतीवरचा पाचवा चेहरा

सोमवार, ९ सप्टेंबर

भिंतीच्या कमिटीचा ड्वेन परत येऊन गेला. हातात बटाट्याचं कॅसरोल, डोळे मात्र आईच्या खोलीकडे. "काय म्हणतेय आर्डिसबाईंची तब्येत?" असं विचारलं की अंगाचा नुसता तिळपापड होतो! न कळायला मी काय दूधखुळी आहे? आई शनिवारच्या आत जातेय का, एवढंच हवंय त्याला.

धान्याच्या गोदामाच्या भिंतीवर गावच्या नामवंतांचे चेहरे रंगवताहेत. चार झाले. पाचवी जागा आईची — पण कमिटीचा नियम, माणूस मेलेला हवा! मागे एकदा फुटबॉलच्या कोचचं चित्र तो जिवंत असताना काढलं, आणि गडी चर्चच्या ऑर्गनसाठी जमवलेली वर्गणी घेऊन पसार. हसून हसून शेजारच्या गावांची मुरकुंडी वळली. भिंतीला चुना फासावा लागला. तेव्हापासून जिवंत माणसावर या गावाचा भरवसा नाही.

शनिवारी चित्रकार जाणार. तोवर आई "तयार" नसेल तर बँकवाला क्लेमंट. तो कधीचाच तयार आहे.

मंगळवार, १०

"भिंत भरली का गं?" — आई. नाही म्हटलं.

मग तिच्या तरुणपणीच्या पुराचं बोलत बसली. त्या रात्री टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ही एकटीच उरली होती. पाणी गुडघ्याला लागलं तरी एकेका घरी फोन लावत होती — "उठा, नदी फुटलीय, टेकडीवर जा!" सगळं गाव वाचलं. "आवाज माझा सगळ्यांना ठाऊक," म्हणाली. "तोंड कुणी पाहिलं? दुकानात गेले की शेजारी कोण उभी आहे, पत्ता नसायचा. मी तोंड उघडलं की टोप्या निघायच्या!" हसली. मला नाही हसू आलं.

बुधवार, ११

आई जेवली नाही. सूपसुद्धा नाही.

गुरुवार, १२

उशीचा अभ्रा काढला आणि हृदयाच्या गोळ्या घरंगळल्या. मूठभर!

"आई, हे काय?"

"ओरडू नकोस. शनिवारी जातोय ना तो चित्रकार?"

"अगं, भिंतीसाठी जीव देतेस?"

"एकोणनव्वद वर्षांची आहे मी, डार्लीन. जाणारच आहे. जरा आधी गेले तर उपयोग तरी होईल."

भांडले, विनवण्या केल्या, रडले. गोळी तोंडाशी नेली तर ओठ घट्ट मिटून घेतले, लहान मुलासारखे. डॉक्टर म्हणतात, कधीही काहीही होईल. भीती वाटतेय. आणि राग — तिचा, ड्वेनचा, त्या मेल्या भिंतीचा!

शुक्रवार, १३

कमिटीच्या टेबलावर गोळ्या ओतल्या. "घ्या! तुमच्या नियमासाठी मरतेय माझी आई."

ड्वेन लागला घसा खाकरायला. "हे बघ डार्लीन, नियम म्हणजे—"

"तुझ्या बापाला कुणी उठवलं होतं रे त्या रात्री?"

त्याचीच बायको म्हणाली, "ड्वेन, आता पुरे." हात वर झाले. जिंकले मी! आईचे तरुणपणीचे फोटो पुरात वाहून गेले म्हटलं, तर ड्वेन म्हणाला, "म्युझियममध्ये एक्स्चेंजचा आहे. बोर्डसमोर बसलेली आहे. मी देतो चित्रकाराला." रडायलाच आलं मला. चांगला आहे बिचारा.

घरी येऊन सांगितलं. आईचा विश्वास बसेना. "डोळ्यांनी पाहीन, मग गोळी." हट्टी बाई! ओठ निळसर दिसताहेत. रात्र नीट जाऊ दे.

शनिवार, १४

व्हीलचेअरवरून नेलं. तिचा श्वास मोजत चालले होते मी. सगळं गाव हजर, शाळेचा बँडसुद्धा. कापड खाली आलं — कानाला टेलिफोनचं यंत्र, कुरळे केस, गालाला खळी. मला ओळखीची नाही वाटली. पण बावीस वर्षांची आई मी कुठे पाहिलीय?

आई बघतच राहिली. ड्वेन वाकून म्हणाला, "काय आर्डिसबाई, पसंत?"

"फार छान. आभारी आहे." टेलिफोनवरचा आवाज तो, अगदी स्वच्छ! टाळ्यांचा कडकडाट. म्हातारे डोळे पुसत होते.

घरी येऊनही गोळी घेतली नाही. "उद्या बघू," म्हणाली.

रविवार, १५

सकाळी हाक मारून गोळ्या मागितल्या. वर दोन अंडी!

"भिंतीवरची ती मर्ना आहे," म्हणाली. "माझ्या शेजारी बसायची. पाणी दाराशी आलं तेव्हा पहिली पळाली ती."

मी अंडी तिच्यापुढे ठेवली.

"मीठ दे. आता कुठली मरतेय मी!"