डोक्याने मारलेले गोल

प्रिय लेनकाका,

मराठी तुम्हाला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे मला. पण घाबरले की मला इंग्रजी सुचत नाही, आणि कालपासून मी फार घाबरलेली आहे. जोनकाकूंशी बोलायचा धीर मला झाला नाही. तुम्हाला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. त्यांच्या डोक्यावर हे आणखी कशाला? म्हणून तुम्हालाच लिहितेय.

काल इराची मॅच होती. कॉर्नरवरून बॉल आला, माझी पोर उडाली, अगदी तुमच्यासारखी मान मागे घेऊन, आणि गोल! पण त्याच क्षणी दुसऱ्या एका मुलीचं डोकं तिच्या डोक्यावर आदळलं. मी धावत गेले. ती गवतावर बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "व्हेअर आर वी?"

लेनकाका, हेच तुम्ही मला कुंपणापलीकडून विचारायचात ना?

आम्ही देश सोडून इथे हिल्सबरोला राहायला आलो तेव्हा शेजारी एक म्हातारे गृहस्थ जॅंडल्स म्हणतात त्या रबरी चपला घालून गुलाबांना पाणी देतात, एवढंच मला माहीत होतं. तुम्हाला ओळखलं ते माझ्या बाबांनी. कोल्हापूरच्या पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळलेला माणूस तो! हातात चहाचा कप तसाच, आणि ओरडले, "अगं, हा तर इंग्लंडचा सेंटर फॉरवर्ड! ह्याचे फोटो कापून आम्ही तालमीच्या भिंतीवर चिकटवलेले!" कोळशाच्या खाणीतल्या कामगाराचा मुलगा, बाजूने क्रॉसचा बॉल आला की सगळ्यांच्या वर ज्याचं डोकं दिसायचं तो, ज्याच्या नावाचं गाणं अख्खं स्टेडियम म्हणायचं तो. बाबा सांगत होते आणि तुम्ही लाजत होतात. "मी काही केलं नाही हो, बॉलच येऊन माझ्यावर आपटायचा," म्हणालात. किती हसलो होतो आपण!

इराला हेडर तुम्हीच शिकवलात. "डोळे उघडे ठेव, कपाळाने मार." रागावू का तुमच्यावर? काल गाडी चालवताना रागावले होते, खरं सांगते. पण तुम्हाला तरी कुणी काय सांगितलं होतं? पावसात भिजून जड झालेला चामड्याचा बॉल रोज प्रॅक्टिसला डोक्यावर घ्यायचात. त्याचंच तर कौतुक होत होतं.

मग तुमचं विसरणं सुरू झालं. आधी नावं. मग रस्ते. एकदा भर दुपारी तुम्ही आमच्या गॅरेजमध्ये येऊन उभे राहिलात. "माझ्या घरात कुणी अनोळखी बाई शिरलीय," म्हणालात. ती तुमची बायको होती, लेनकाका, आपल्या जोनकाकू! त्या दारात उभ्या होत्या, आणि तुम्ही माझ्यामागे दडत होतात.

शुद्धीत होतात तेव्हाच तुम्ही ठरवून ठेवलं होतं, की मेल्यावर माझा मेंदू संशोधनाला द्या. डॉक्टरांनी तपासला आणि जोनकाकूंना विसरण्याचं कारण सांगितलं. त्या मला एवढंच म्हणाल्या, "हेडर्स, मेधा. इतक्या वर्षांचे."

काल हॉस्पिटलमध्ये ते शब्द माझ्या कानात घुमत होते. डॉक्टर म्हणाले, "कन्कशन आहे, मेंदूला धक्का बसलाय, विश्रांती घेऊ दे, बरी होईल." इराला घेऊन मी घरी निघाले. एरवी मी मराठीत बोलले तरी इंग्रजीत उत्तर देणारी ही मुलगी एकदम मराठीत म्हणाली, "आई, थोडा वेळ मला तुझं नाव आठवत नव्हतं." आणि मग, "मला लेनसारखं होणार का?"

नाही म्हणायचं होतं. "माहीत नाही गं," एवढंच म्हणाले. मी कसली आई!

आज सकाळी ती उठली आणि मला न सांगता तुमच्या घरी गेली. मी मागोमाग गेले, तर जोनकाकू तिचा हात धरून बसलेल्या.

"फुटबॉल सोड असं मी लेनला कधीच म्हटलं नसतं," त्या तिला सांगत होत्या. "पण आज कळलंय ते त्याला तेव्हा कळलं असतं, तर त्याने तुला हेडर शिकवला नसता."

"मग मी पायानेच खेळते," इरा म्हणाली.

मी मध्येच विचारलं, "आणि पुढच्या महिन्यातली संघाची निवड? कोचने घेतलं नाही तर?"

"नाही तर नाही. स्वीट ॲज, चालतंय." पण बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. इतकी वर्षं त्या निवडीसाठीच धावलीय ती.

लहान मुलांची हेडरची प्रॅक्टिस बंद करा, असं सांगायला आता जोनकाकू आणि इरा क्लबात जाणार आहेत. जोनकाकू म्हणाल्या, "त्याचे गोल सगळ्यांच्या लक्षात आहेत. त्याचं शेवटचं काय झालं, तेही कळू दे."

लेनकाका, माझी भीती गेलेली नाही. इरा चमचा कुठे ठेवला ते विसरली, तरी मी तिला माझं नाव विचारून बघते. पण तुम्हाला शब्द देते. जोनकाकू क्लबात बोलायला उठतील तेव्हा मी त्यांच्या शेजारी असेन. आणि डॉक्टरांनी परवानगी दिली आणि इरा मैदानात उतरली, तर मी तिला अडवणार नाही. बॉल हवेत चढला की माझे डोळे मिटतील, एवढं चालवून घ्या. पण मी तिथेच, रेषेपाशी उभी असेन.

तुमची शेजारीण,
मेधा