रोवण्याच्या दिवसांत येणारा गोटा

मी, श्यामराव गोमाजी सेलोकर, वय ७२, निवृत्त भूगोल शिक्षक, राहणार अड्याळ, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहितो. डोके शाबूत आहे. हृदयाचे तसे नाही. दोन-तीन वर्षांपलीकडचे बोलणे डॉक्टरांनी टाळले. कोणाचा दबाव नाही. चिडून मात्र लिहीत आहे, आणि का ते पुढे येईल.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी पत्नी रुखमा हिला. तिच्या हयातीत मुलगा कमलेश याने घराला रंगसुद्धा तिला विचारूनच द्यावा.

२. माझ्या वाट्याची दोन एकर धानाची जमीन कमलेशला. तो नागपूरला असतो, कसणार नाही. विकायची झाल्यास आधी माझा धाकटा भाऊ यादोराव याला विचारावे. पंधरा वर्षे तो माझ्याशी बोललेला नाही. तरी विचारावे.

३. आता चिडण्याचे कारण. सूर्याभोवती एक लघुग्रह फिरतो, तीन-साडेतीनशे मीटरचा दगड. रुखमा त्याला गोटा म्हणते. पृथ्वीच्या सात फेऱ्या होतात तेवढ्यात त्याच्या पाच होतात, म्हणून दर सात वर्षांनी तो आपल्या जवळून जातो. त्याची कक्षा आपल्या कक्षेजवळ येते ती जागा ठरलेली, म्हणून दिवसही ठरलेले: जुलैचा शेवटचा आठवडा. म्हणजे भर रोवण्यात, धानाची लावणी चालू आणि आभाळ गच्च भरलेले असताना. दिवाळीत आला असता तर त्याचे काय बिघडले असते? रुखमाही विचारते, "काहून जी, तुमच्या गोट्याले पावसातच येवाचं सुचते?"

२०१० साली ढग. २०१७ साली हवामानाचा अंदाज वाचून मी दुर्बीण घेऊन नागपुरात कमलेशच्या गच्चीवर गेलो. तिथे धो धो पाऊस, आणि अड्याळहून रुखमाचा फोन: "इथं तं चांदन्या निंगाल्या जी, या ना लवकर!" शेवटची बस गेली होती. २०२४ साली आमच्या शाळेचा जुना शिपाई सुखराम चार रात्री दुर्बिणीवर छत्री धरून उभा राहिला. गोटा ढगांमागून निघून गेला. पुढची खेप २०३१. मी नसेन.

४. यादोरावला देण्यासारखे माझ्याकडे काही नाही, फक्त एक कबुली आहे. २०१० साली मी वर्गात फळ्यावर दोन कक्षा काढल्या, एक पृथ्वीची, एक गोट्याची. त्या एकमेकींना छेदत होत्या. खरे तर गोट्याची कक्षा तिरपी आहे. रस्त्यावरून पूल जावा तसा तो वरच्या वर जातो, चंद्राच्या दहापट लांबून. हे मी तोंडाने सांगितले, काढून दाखवले नाही. पोरांनी वह्या घरी नेल्या आणि आयांनी दोन रेषांची फुली पाहून गोटा आपल्यावरच पडणार असे धरले. त्या आठवड्यात रोवण्याला एकही बाई धानाच्या बांधीत उतरली नाही. यादोरावचा रोवणा बारा दिवस लांबला, पऱ्हे म्हणजे धानाची रोपे जास्त वाढली आणि पीक अर्ध्यावर आले. तो चौकात म्हणाला, "तुया गोट्यानं माया धान खाल्ला." मी त्याला चारचौघांत अडाणी म्हटले. अडाणी तो नव्हता, आकृती माझी चुकली होती. हे मला तेव्हाच कळले होते. मास्तरकीच्या तोऱ्यात बोललो नाही, याची लाज वाटते.

५. सहा इंची दुर्बीण. कमलेशने तिचा फोटो विक्रीसाठी मोबाइलवर टाकला होता, मी जिवंत असताना! गावात कोणालाही ती नको. म्हणून माझ्या तेरवीला ती गावतलावात बुडवावी. हे रागाने लिहिले आहे, तरी कायम समजावे.

६. कलम ५ मी खोडले आहे व शेजारी सही केली आहे. कारण असे. दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले होते. सुखराम आला. यादोरावला काहीच मिळत नाही म्हणून रुखमाने, मला न विचारता, त्याला बोलावले. तो मळणी सोडून आला, अंगावर कोंडा तसाच. उभ्यानेच कागद वाचला. कलम ४ दोनदा वाचले. मग पेन खाली ठेवला.

"मी सही नाई करत."

मला वाटले, अजून राग आहे. तो म्हणाला, "ज्याले भेटते त्यानं साक्षीदार होऊ नये ना? दुर्बीन मले दे, दादा."

"तुले कायले? जुलैत तुया रोवणा राह्यते."

"एकतीस साली चार दिवस थांबवीन रोवणा. पऱ्हे वाढले तं वाढले."

म्हणून दुर्बीण माझा भाऊ यादोराव गोमाजी सेलोकर यास देत आहे. ढग असले तर मला बोल लावू नये.

ठिकाण: अड्याळ
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५
सही: श्यामराव गोमाजी सेलोकर

साक्षीदार:
१. सुखराम कुंभलकर, निवृत्त शिपाई
२. चंद्रकुमार भुरे, शेजारी, यादोरावच्या जागी