कुबट वास

७ जुलै, सोमवार
अर्ध्या रस्त्यातून परत आलो. आजवर काचा उघड्या ठेवून जायचो. आज पाऊस लागला म्हणून काचा लावून एसी सुरू केला. विठ्ठलवाडीच्या अलीकडे ह्यांनी डाव्या हाताने नाक दाबलं. "वास." जानेवारीत झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून धड निघणारे शब्द तीनच – पाणी, नाही, कुंदा. हा चौथा. पुढच्या चौकात दाराच्या कडीला हात घालायला लागले. मी घाबरले, गाडी वळवली.

उल्हासनगरला किर्ती मॅडमकडे बोलण्याचे व्यायाम असतात, सोम-बुध-शुक्र. डॉक्टरांनी बजावलंय, पहिलं वर्ष महत्त्वाचं, खाडा नको. आज खाडा झाला.

वास खरा आहे. ओल्या पायपुसण्यासारखा. मी क्लास लावून गाडी शिकेपर्यंत ती चार महिने जांभळाखाली नुसती उभी होती.

८ जुलै
वरदचा पुण्याहून फोन. "आई, विकून टाक ना. रिक्षाने ने बाबांना." रिक्षात ह्यांना चढवताना दोन माणसं लागतात. त्याला तिकडे बसून बोलायला काय जातंय!
वास घालवायचा. ठरलं. लिंबाच्या वासाची डबी आणून लावली.

९ जुलै, बुधवार
आता लिंबू आणि कुबट, दोन्ही. हे बसायलाच तयार नाहीत. "वास. नाही." दुसरा खाडा.

१० जुलै
विठ्ठलवाडी डेपोच्या मागे भावेशचं गॅरेज आहे, तिथे एकटीच गेले. त्याने डबी हुंगली आणि माझ्या हातात दिली. "आंटी, परफ्यूमने काय नाय होनार. आत एसीच्या कॉइलवर बुरशी बसलीय."
डाव्या बाजूचा डॅशबोर्डचा खण काढून फिल्टर ओढला. काळा ठिक्कर, त्यात जांभळाच्या पानांचा चुरा. मॅट उचललं तर खालचं कार्पेट पचपचीत. एसीचं पाणी बाहेर पडायची नळी चोंदली होती, पावसाचं, एसीचं सगळं पाणी आतच झिरपत होतं. त्याने खालून तार घातली आणि भसकन गढूळ पाणी पडलं. नवा फिल्टर. कॉइलवर फेस मारला.
"अजून एक. पोचायच्या पाच मिनिट आधी एसी बंद, पंखा चालू. कॉइल सुकली ना, वास परत येनार नाय. कार्पेट तुमी घरी सुकवा."
मी लिहून घेतलं. हसला तो.

११ जुलै, शुक्रवार
थोडा आहे अजून. तिसरा खाडा. किर्ती मॅडमचा फोन – "काकू, काकांची जीभ आता कुठे वळायला लागली होती. मध्येच थांबलं तर मागे जातं." फोन ठेवल्यावर रडू आलं. आधी कार्पेट काढलं, वर आणलं, मग रडले.

१२ जुलै
कार्पेट हॉलमध्ये, पंख्याखाली. दर दोन तासांनी उलटं करते. हे पलंगावरून बघत बसलेत.

१३ जुलै, रविवार
कार्पेट खडखडीत वाळलं. श्रद्धा बदलापूरहून आली. लेकीचं नाक लहानपणापासून तिखट, म्हणून तिलाच बसवलं, काचा लावून, एसी फुल. डोळे मिटून बसली. "आई, काहीच नाही गं."
खात्री नको? तिला सोडायला बदलापूरपर्यंत गेले, एकटी परत आले. एसी चालूच. शेवटची पाच मिनिटं नुसता पंखा. काही नाही. जिंकले मी.
ह्यांना सांगितलं, उद्या निघायचं हं. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

१४ जुलै, सोमवार
विठ्ठलवाडी आली आणि पुन्हा – "वास."
गाडी बाजूला घेतली, बंद केली. म्हटलं, अहो, कसला येतोय ते तरी सांगा, तोही घालवते. बराच वेळ ओठ नुसते हलत होते. मग एकेक शब्द.
"वास गेला, कुंदा. मला तिथे... लाज वाटते."
तिथे चित्रं दाखवतात. केळं, बदक, छत्री. बाकीचे पेशंट, त्यांची माणसं समोर बसलेली. हे बत्तीस वर्षं कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होते. आणि ह्यांनी बदकावर बरोबर बोट ठेवलं की शेजारी बसून टाळ्या मी वाजवायचे.
सहा महिन्यांतलं पहिलं पूर्ण वाक्य.
म्हटलं, परत बोला.
बोलले.